यादीत नसलेलं

सह्या झाल्या, इरिया. आता ती यादी बाजूला ठेव.
शिडं दोन, नांगर एक, दोरखंड, पंप,
ते सगळं मोजून मिळेल तुला.
बाकीचं ऐक.

ही डावीकडे ओढते.
वारा भरला की सुकाणूवर नुसता हात ठेवायचा,
दाबायचं नाही. एकतीस वर्षं मी कारखान्यात
डब्यात सार्डिन बसवल्या, डोकं-शेपटी, डोकं-शेपटी;
दाबलं की काय होतं ते माझ्या बोटांना विचार.

त्या पगारातून ही घेतली, एका बुडीत दंतवैद्याकडून.
धक्क्यावर म्हणाले, आता यॉटलाही मासळीचा वास येणार.
आला. मग?
नोंदणीच्या खिडकीतला माणूस
माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिला:
मालक कुठेत?
मागे छत्र्या ठेवायची बादली होती.

नाव तेच ठेवलं मी. आंपारो.
दंतवैद्याने बायकोचं नाव रंगवलं होतं नाळेवर,
निळ्या अक्षरांत, वळणदार,
आणि बायकोला अकरा वर्षांत एकदाही चढू दिलं नाही.
टाचांनी डेकवर ओरखडे पडतात म्हणे.

माझ्या चौथ्या उन्हाळ्यात, एका गुरुवारी, ती आली.
बूट काढून हातात धरलेले.
म्हणाली, हे माझं नाव आहे.
म्हटलं, मग या.

शिंपल्यांच्या तराफ्यांपर्यंत एक शब्द नाही.
तराफे मागे पडले, आरोसाच्या खाडीने
आम्हाला जरा उचलून धरलं,
तेव्हा न विचारता तिने सुकाणू घेतलं माझ्या हातून.
दाबलं नाही. कुणी शिकवलं होतं तिला?
मांडीवरचे बूट घरंगळले, एक पाण्यात गेला.
तो वर-खाली होत लांब जाताना बघून
ती इतकी हसली की वारा निसटला,
शीड फडफडलं, आणि मी
दोर हातात असून ओढला नाही.

तू नाव बदल हवं तर. तुझी आहे आता.
पंप दोनदा मारावा लागतो, पहिल्यांदा नुसता कुरकुरतो.
ओहोटीला ही गाळावर टेकते, कलंडते.
घाबरू नकोस. सहा तासांनी आपली आपण उठते.

आणि गुरुवारी धक्क्यावर एक बाई दिसेल,
ऐंशीच्या पुढची, अनवाणी.
तिला हात देऊ नकोस, आवडत नाही तिला.
फक्त दोरी थोडी ओढून
बोट जवळ धर.