डाग

अजमानच्या मासळी बाजारामागे दुकान, तेरा बाय सोळा.
एवढ्या जागेत माणसं दोनच,
टायपिंग सेंटरातल्या बाईनं स्क्रीनकडे बघत सांगितलं.
एक मी. दुसरा रामउद्गार महतो,
सिराहाचा, इस्त्रीवर हात बसलेला.

व्हिसा, तिकीट, बँकेची हमी,
मंदूबाचं चहापाणी वेगळं.
चिपळूणच्या गाळ्याचं वर्षाचं भाडं
आधीच उचलून झालं होतं.

अकरा दिवस तो होता.
कंदुऱ्याच्या बाहीला अशी धार काढायचा
की गिऱ्हाईक घडी मोडायला कचरायचं.
बोलायचा कमी. कपडे मात्र मैथिलीत मोजायचा.

मग मेडिकलचा कागद आला.
छातीत डाग.
लहानपणी कधीतरी होऊन गेलेला, सुकलेला.
डॉक्टरही म्हणाले, आता काही नाही,
पण फोटोत दिसतो.

मी तेवीस वर्षं डागच काढतोय.
केशर, ग्रीस, मेंदी,
शाई सगळ्यात हट्टी.
तरी काउंटरवर विचारून पाहिलं, काही करता येईल का.
माणूस चांगला होता. त्यानं पाणी दिलं.

विमानतळावर रामउद्गार म्हणाला, सेठ,
चौदा नंबरच्या पांढऱ्या कोटाचं बटण सैल आहे.
मला त्याच्या कर्जाचं विचारायचं होतं.
त्याला बहुतेक माझ्या.
आम्ही बटणावरच बोलून घेतलं.

नवा माणूस आणायचा तर पुन्हा पहिल्यापासून.
अर्जात रकाना आहे: आधीचा कामगार का गेला?
दोन बोटं जागा.

इस्त्री सध्या मीच करतो. धार येत नाही.
चौदा नंबर न्यायला कोणी आलेलं नाही अजून.
बटण शिवून ठेवलंय.