एकोणसाठ

गावाचं नाव चोर्ली.
वसईच्या धाकटीला फोनवर सांगितलं तर म्हणाली,
नावावरून तरी शहाणी हो, पैसे नीट सांभाळ.

रविवारच्या तिन्ही मिस्सांना आठ-आठ मिनिटं दिलीत मला,
कम्युनियननंतर, नोटिसांच्या आधी.
आठ मिनिटांत मलावी.
मक्याची पोती, विहिरीचा पंप,
सौरदिव्याची मेलेली बॅटरी,
आणि साबणाची वडी सुरीऐवजी दोऱ्याने कापली
की चुरा कमी पडतो, हे.
साबणाला लोक हसले.
मग गप्प झाले.

फादर फिनबार म्हणाले, या साठ मुलांच्या आई.
मी हळूच म्हटलं, फिफ्टी-नाइन.
ते माइकपासून तोंड वळवून पुटपुटले,
राउंड फिगर, सिस्टर.

कमिटीचे मिस्टर एन्टविसल, भला माणूस,
पडद्यावरच्या फोटोपाशी घुटमळले.
फोटोत तामांडा. पुढचे दोन दात नाहीत,
हातात उकडलेलं रताळं,
हसतेय अशी की रताळं आत्ता निसटेल.
म्हणाले, याहून जरा उदास नाही का एखादा?
गेल्या वर्षीच्या मिशनऱ्यांकडे फार चांगले होते.

आहेत. उदास फोटो माझ्याकडेही आहेत.
पण आजारातून उठलेलं माणूससुद्धा
केसांवर फणी फिरवून मगच पाहुण्यांसमोर येतं.
म्हटलं, नाही हो, कॅमेरा दिसला की हसतात मेली.
हे खोटं कन्फेशनमध्ये सांगायचं का,
अजून ठरलेलं नाही.

हॉलमध्ये पिशव्यांचा ढीग.
लोकरीचे कोट. लग्नात घालायची पिसांची टोपी.
हजार तुकड्यांचं कोडं, वर प्रामाणिक चिठ्ठी: दोन नाहीत.
मी थँक्यू थँक्यू करत राहिले.
त्यातलाच एक कोट मिसेस फेअरक्लफनी
माझ्या अंगावर चढवला,
बाह्यांत हात कोंबले, शाळेला उशीर झालेल्या पोराचे कोंबतात तसे.
सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांची बटणं लावतेय.
मान वर करून उभी राहिले नुसती.
खिशात बसचं तिकीट निघालं, पेपरमिंटची गोळी.
गोळी मी खाल्ली.

आता रात्र. फादरांच्या स्वयंपाकघरात
टेबलावर नाणी ओतलीत.
मोजायला लागलं की ओठ मराठीत हलतात.
तिकडेही तसंच. कंदील घेऊन
मच्छरदाण्यांखालची डोकी मोजत जाते,
मुलांना वाटतं प्रार्थना चाललीय,
धाकटी मफात्सो तर शेवटी आमेन म्हणते.

इंग्रजीत पन्नासावर नऊ आणखी, म्हणजे बरकतच.
चिचेवात दहा-दहाचे पाच ढीग,
वर पाच, वर चार. तिथेही वाढतच जातं.
आपल्याकडे मात्र एकोणसाठ.
साठाला एक उणा.
आकड्यातच घालून ठेवलेली रिकामी खाट,
खिडकीकडून तिसरी.

लिंबानी. फेब्रुवारी.
ताप चढत होता, जीप उभी होती,
डिझेलचे पैसे शुक्रवारी येणार होते.
तो बुधवार.

हे आठ मिनिटांत बसत नाही.
तिसऱ्या मिस्साला तोंडाशी आलं होतं,
तेवढ्यात पुढच्या बाकावरचं बाळ शिंकलं
आणि मी पंपाकडे वळले.

बाराशे अठरा पौंड, चाळीस पेन्स.
म्हणजे मका मार्चपर्यंत.
पंप नाही.
नाण्यांत एक बटणही आलंय, तपकिरी, चार भोकांचं.
अंगावरच्या कोटाला लावून बघितलं. रंग जुळत नाही.
वहीच्या पानात गुंडाळून बॅगेत टाकलं.
तिथे शर्ट आहेत पुष्कळ,
रंग कोण बघतंय.