समासात

एप्रिल. पहाटेचे चार वीस.
सोर्वेच्या टोकाला जमीन संपते
आणि संपल्यावरही थोडी रेंगाळते,
गोट्यांची एक वाकडी शेपूट होऊन, पाण्यात.
दीपगृहाच्या आडोशाला मी तिपाई रोवते,
दुर्बिणीची काच बाहीनं पुसते
आणि मोजायला बसते.

दहा. पन्नास. पुन्हा पन्नास.
आउल येतायत.
टिटवीसारखंच हेही पाखरू,
आपलं नाव आपल्याच तोंडानं सांगणारं:
आ-आउलि, आ-आउलि,
हजारभर एकदम, धुक्याच्या पलीकडून,
जसं दूरच्या गावात लग्न लागतंय
आणि आपल्याला आमंत्रण नाही.

हाहक वेगळे. जड, पाण्याला घासून उडणारे,
बिऱ्हाड हलवायला निघालेल्या कुटुंबासारखे,
मध्येच कोणीतरी काहीतरी विसरलेलं.
मखमली बदकांच्या पंखावरचं पांढरं ठिगळ
उडाल्याशिवाय दिसतच नाही.
माझ्या तक्त्यात प्रत्येकाला रकाना आहे.
उत्तरेकडे किती, दक्षिणेकडे किती,
वारा, ढग, खाली सही: माइमू.

लहानपणी हा किनारा आमचा नव्हता.
संध्याकाळी शिपाई दाताळं फिरवून वाळू सारखी करायचे
आणि सकाळी पाऊल उमटलंय का ते बघायचे.
बाबांची होडी कुलुपात.
रात्रीतून कोण आलं, कोण गेलं,
हे फक्त पाखरांना कोणी विचारत नसे.
मोजायची खोड मला तेव्हाच लागली असेल.

आर्वो, माझा भाऊ, जाळी टाकतो.
आम्ही दोघं एकाच पाण्यावर जगतो,
मी वरच्या अंगानं, तो खालच्या.
रविवारी एका टेबलाशी शेपू घातलेले बटाटे खातो,
मीठ इकडे दे म्हणतो,
बाकी बोलत नाही.

मंगळवारी तो टोकापर्यंत चालत आला.
किती वर्षांनी, तेही मोजलेलं नाही.
खांद्यावर पोतं, पोत्यातून पाठीवर पाणी गळत होतं.
माझ्या तिपाईशेजारी त्यानं एकेक काढून मांडलं,
सगळ्यांच्या चोची एकीकडे,
आई मासे वाळत घालायची तसं.
सतरा आउल.
नरांच्या लांब शेपट्या भिजून दोऱ्याएवढ्या झालेल्या.
एकीच्या गळ्याशी जाळ्याचा धागा अजून होता,
इतका बारीक की मलाही चष्मा काढून
डोळ्याजवळ न्यावा लागला.

“किती खोल जातात ही?”
“तुझ्या जाळ्याहून खोल.”
“मग अडकतात कधी? बुडी मारताना, का वर येताना?”

वीस वर्षं मी मोजतेय.
हे मला ठाऊक नव्हतं.

“लिही,” तो म्हणाला.
कुठे लिहू?
उत्तरेकडे? निघाली तर तिकडेच होती.
मी दोन्ही रकाने पाहिले, वारा पाहिला, ढग पाहिले.
मग कागद आडवा धरून समासात,
पेन्सिलीनं, बारीक: सतरा.
त्यानं ते वाचलं. ओठ हलवत वाचतो तो, अजूनही.
न विचारता माझ्या थर्मासमधली कॉफी प्यायला,
तोंड वाकडं केलं, साखर नव्हती.

तेवढ्यात पश्चिमेकडून मोठा थवा.
मी पुटपुटले, सहाशे.
“कशावरून?”
अंगठ्याआड पन्नास मावतात, मी म्हटलं,
हात लांब करून, एक डोळा मिटून.
त्यानं हात लांब केला.
काळवंडलेला अंगठा, अर्धं नख गेलेलं,
खवला चिकटलेला.
थव्याची पुढची बाजू त्याच्याआड शिरली
आणि दिसेनाशी झाली.

ती दुसऱ्या अंगानं बाहेर पडेपर्यंत
आर्वोनं श्वास घेतला नाही.