पांढरी तीट

सगळ्यात आधी डोळे.
शून्य नंबरचा ब्रश, जिभेच्या टोकावर ओला करून
बुबुळात, जरा वरच्या अंगाला, पांढरा एकच ठिपका,
की विझलेली नजरही बोलायला लागते.
वर्तमानपत्राच्या चौथ्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत
अकरा वर्षं मी हेच केलं.
शिकागोचे नगरसेवक, मुष्टियोद्धे, तळ्यातून काढलेली माणसं,
सगळी माझ्या हाताखालून गेली.
तान्ह्याला दृष्ट लागू नये म्हणून काळी तीट लावतात.
माझी पांढरी होती,
आणि दृष्ट लागावी म्हणूनच.

एका एप्रिलात आर्डिस व्हेल आली.
म्हणजे तिची काच आली, ओली, हायपोच्या वासाची.
चौकीच्या बाकावर बसलेली, एक मोजा घसरलेला,
चेहरा, खरं सांगू, रात्रभर जागलेल्या कुणाचाही असतो तसा.
लाँड्रीची गाडी चालवणारा ऑगस्ट रिप्के
तिच्या स्वयंपाकघरात पडला होता,
आणि तिने म्हणे ग्रामोफोनवरची तबकडी संपू दिली,
मग फोन केला.
दुसऱ्या दिवशी ती तबकडी शहरभर संपली.

गॅफनीसाहेब म्हणाले, लिद्मिला, हिला जरा उजळ कर.
मी मोजा वर ओढला.
डोळ्यांखालची रात्र पुसली.
ओठाला करडी रेघ,
आणि दोन ठिपके.
दुपारच्या आत अंक उरला नाही.

तिच्या वकिलाने चॉकलेटचा डबा पाठवला, आत चिठ्ठी:
पुढच्या खेपेस गळ्यात बारीकसा क्रूस चालेल का?
मी रंगवला.
सोमवारी ती कोर्टात खराच घालून आली.
मी टोपी तिरकी केली, तिनेही केली.
मी केस कानामागे नेले, तिनेही नेले.
मला भीती वाटायला हवी होती.
मजा वाटली.

मधे एकदा रिप्केची बहीण जिने चढून आली होती,
हातमोज्यात गुंडाळलेला फोटो घेऊन:
भाऊ, सायकल, मोठाले कान, ऊन.
साहेब म्हणाले, जागा नाही.
फोटो माझ्या खणात राहिला,
ती परत न्यायला आली नाही.

बारा पुरुष, बारा कडक कॉलरी, चाळीस मिनिटं.
आर्डिस निर्दोष सुटली तेव्हा
पायऱ्यांवर जरा थांबली, हनुवटी उचलून, माझ्या कोनात.
पण फोटोवाले पलीकडच्या दाराशी होते:
तिथे त्या दिवशी एक दंतवैद्याची बायको आली होती,
दोन पिस्तुलं, आणि वय एकोणीस.
संध्याकाळी तिची काच आली.
सगळ्यात आधी डोळे.

सहा वर्षांनी अठराव्या रस्त्यावरच्या थिएटरात
बोलपट लागला, गाता नाचता.
चंदेरी गजांमागे वीस पोरी, चाळीस टाचा, एकच ठोका.
ट्रम्पेटच्या तोंडावर टोपी दाबून कुणी रडवत होतं हसऱ्या सुराला.
लाँड्रीवाला ताल धरून मेला,
बारीक मिशी, इस्त्रीचा सूट, सम चुकली नाही.
शेजारची बाई शेंगा खाता खाता डोळे पुसत होती.
मग नायिकेचा चेहरा आला, भिंतीएवढा,
आणि बुबुळांत, जरा वरच्या अंगाला,
ते दोघे.
माझे.
ओरडून सांगणार कुणाला?
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

घरी आले, कोट न काढता खण उघडला.
म्हटलं, आज तुझी पाळी, ऑगस्ट.
ब्रश ओला केला.
पण उन्हाकडे तोंड करून उभा राहिलेला माणूस
डोळे इतके बारीक करतो
की ठिपक्याला जागाच नव्हती.

ब्रश तसाच जिभेवर,
कडू.