साडेसातची बैठक

खुर्ची आली ती ईमेलने.
खाली पाइवीची सही, वर एकच वाक्य:
एक जानेवारीपासून अध्यक्षपद सोलापूरकडे.
शिपाई गुर्रममामांनी विचारलं,
"मॅडम, खुर्ची ठिवायची कुठं?"

चार विद्यापीठं, चार वर्षांची फेरी.
ज्याचं वर्ष त्याचं घड्याळ,
हे करारात कुठे नव्हतं, पण चालत होतं.
उबाल्दोच्या वर्षी आरेकिपात दुपारचे चार वाजायचे
तेव्हा इथे रात्रीचे अडीच.
लॅपटॉप ओट्यावर, कुकरशेजारी,
कारण वायफाय तिथेच पोचायचं,
आणि मी म्हणायचे, येस, अ‍ॅग्रीड.
कशाला, ते सकाळी आठवायचं नाही.
सिद्राम बोल्लीचे बारा क्रेडिट्स
अशाच एका रात्री गेले.
मी हात वर केला होता का,
अजून माहीत नाही.

कुलसचिव म्हणाले, "सकाळी अकरा ठेवा.
त्याच्याकडं मध्यरात्र? असू दे की.
आपलं वर्ष हाय."
खरं सांगते, मोह झाला.

गड्ड्याचे दिवस. रस्त्यात नंदीध्वज आले.
पांढऱ्या बाराबंदीतला एक जण, मान ताठ, नजर वर,
काठीचा सगळा भार कमरेशी.
भोवतीचे चालत होते हात मोकळे ठेवून.
मग काही न बोलता दुसरा पुढे झाला
आणि भार बदलला.
पहिला घरी गेला नाही.
तोही चालत राहिला, हात मोकळे ठेवून.
माझ्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या.

रात्री लेकीच्या पाटीवर चार घड्याळं काढली.
आमचे संध्याकाळचे साडेसात:
कुमासीत आकोसुआचं जेवण आटोपलेलं,
पाइवीकडे चार, तरी अंधार,
उबाल्दोकडे नऊ. त्याची दाढी झालेली असेल.
अडतात फक्त माझ्या भाकऱ्या.
घरी सांगून टाकलं,
त्या दिवशी कडक भाकरी, चटणी,
ज्याने त्याने वाढून घ्यायचं.

पहिला विषय, बारा क्रेडिट्स.
पाइवी म्हणाली, नियमात बसत नाही.
आकोसुआ म्हणाली, नियम कुणाच्या वर्षी झाला?
उबाल्दो कपात बघत राहिला.
तेवढ्यात लाइट गेली.

मोबाइलवरून परत येईस्तोवर सात मिनिटं.
आले, तर बैठक आकोसुआ चालवत होती.
तिचं वर्ष पुढचं.
मला बघून थांबली.
म्हटलं, चालू दे.
मी आहे इथेच.