बॉनी कोण?

शुक्रवारी केस मॅनेजर बाईंनी कागद दिला. अकरा नावं.
सोमवारी बारापर्यंत यातली तीन लिहून द्या, म्हणाल्या,
विमा कंपनीला कळवायचंय.
आणि निघताना दारात थांबून:
"बॉनी कोण? मुलगी का तुमची?
रात्रभर तिला हाका मारत होते."

आमची मुलगी ऋजुता. सिअ‍ॅटलला असते.
बॉनी कोणीच नाही.
पाणी.
पिट्सबर्गच्या पुलांचे अहवाल
छत्तीस वर्षं इंग्रजीत लिहिणारा माणूस
रात्रभर पाणी मागत होता,
आणि फाइलीत नोंद झाली होती की पेशंट
कुणा बाईची आठवण काढतो.
मी आधी हसले. खरंच हसले.
मग बाथरूममध्ये नळ सोडून उभी राहिले.

ऋजुतानं फोनवर तारे वाचून दाखवले.
याला साडेचार, त्याला तीन,
यांच्याकडे रोज तीन तास व्यायाम, त्यांच्याकडे एकच,
आई, तू नुसती रंग बघून येऊ नकोस.
स्वतःचं लग्न ठरवताना हिनं
इतकी चौकशी केली नव्हती.

पहिल्या ठिकाणी कारंजं होतं.
गालिचा इतका जाड, की दाखवणाऱ्या बाईंचे बूट वाजत नव्हते.
त्यावर वॉकर कसा सरकणार,
हे विचारायचं घरी आल्यावर सुचलं.
माहितीपत्रकातले सगळे म्हातारे
तोंडाच्या दोन्ही बाजूंनी हसत होते.

दुसरं नदीपलीकडे. जागा लगेच आहे, म्हणाले.
ते "लगेच" मला आवडलं नाही.
जेवणघरात सहा खुर्च्या टीव्हीकडे तोंड करून,
आणि टीव्ही बंद.

रविवारी दुपारी अच्युतच्या उशाशी बसले होते
तेव्हा आठवलं, तो म्हणायचा:
पूल वरून बघायचा नसतो गं.
वर काय, रंग आणि दिवे.
खाली उतरायचं, चिखलात उभं राहायचं,
आणि हातोडीनं एकेक बोल्ट वाजवून ऐकायचा.

म्हणून तिसरीकडे मी न कळवता गेले.
रविवार, संध्याकाळचे सात, कोट ओला.
टायरच्या दुकानामागे चढावर विटांची जुनी इमारत.
दार उघडं होतं. व्यायामाच्या खोलीत
लाकडी जिना, चार पायऱ्या वर, चार खाली,
कुठेच न जाणारा.
कठडा मधोमध झिजून पांढरा पडलेला.
त्यावर मी हात ठेवला. हललं नाही.

कुठल्याशा खोलीतली घंटा वाजली.
मी आकडे मोजू लागले. छत्तीसला एक माणूस
तोंडातला घास तसाच ठेवून धावत गेला.
परत येऊन म्हणाला, मी टेरेन्स,
तुमचं कोण आहे?

का कोण जाणे, त्याला बॉनीचं सांगितलं.
तो हसला नाही.
तळहातावर पेनानं लिहून घेतलं, मग म्हणाला,
पाणी.
"ण" काही जमला नाही त्याला,
पण तहान लागल्यासारखा म्हणाला.
आणि दुखतंय म्हणजे? आणि नको म्हणजे?
बाथरूमला जायचं तर काय म्हणतील?
उभ्या उभ्या, त्याच्या जेवणाच्या पिशवीवर
मी सतरा शब्द लिहून दिले.
सतरावा "पुरे" होता.

फरशी जुनी आहे तिथली. खोलीत दोन पेशंट.
घरापासून बावन्न मिनिटं, बर्फ नसेल तर.
तारे तीनच.
सोमवारी तिन्ही ओळींवर मी तेच नाव लिहिलं.
केस मॅनेजर बाई म्हणाल्या, असं चालत नाही.
मी म्हटलं, मग चालवून बघा.
विमावाले काय म्हणतात ते अजून कळलेलं नाही.

अच्युतला सगळं सांगितलं.
बराच वेळ तो शब्द शोधत राहिला,
उजवा हात चादरीवर, कुणी दुसऱ्यानं ठेवल्यासारखा.
मग म्हणाला, "खालून?"
हो, म्हटलं. खालूनच बघून आले.

मग त्यानं बॉनी मागितली.
चमच्यानं दिली, घट्ट केलेली,
थोडी थोडी.