अकरा तिकिटं

शिरोड्याचं टॉकीज पाडलं तेव्हा
बुकिंगच्या खिडकीमागे, गळक्या पत्र्याखाली
बुधाजी खवणेकराची वही सापडली.
मिठागराची हवा खाऊन पानं दमट,
निळी शाई तपकिरी झालेली.
सिनेमांची नावं तिच्यात नाहीतच.
नुसतं: कर्ण. सात आठवडे.
श्रावण. पाच. बायका जास्त.
भस्मासुर. तीन, नाच चांगला म्हणून चौथा.

एस.टी.च्या टपावरून रिळांचे डबे उतरायचे,
मी सायकलला बांधून आणायचो.
रात्री रिकाम्या बाकांवर एकटा बसून
बुधाजी फक्त पहिलं रीळ बघायचा,
विडी संपायच्या आत उठायचा.
"ह्यो कर्ण. आवशीन सोडलेलो.
फुडला माका बघूक नको."
पडद्यावर तर गोदीतला हमाल होता,
गळ्यात ताईत, खिशात रामपुरी.
तरी कोल्हापूरच्या वितरकाला ट्रंककॉल जायचा:
सात आठवडे डबे परत मागू नका.
आणि सातव्या गुरुवारी, शेवटच्या खेळाला,
पहिल्यांदा मोकळी बाकं दिसायची.

हे कुठे शिकलास, विचारलं मी.
म्हणाला, जत्रेत.
पंधरा वर्षं दशावताराचा पेटारा वाहिला होता त्याने,
देवळामागे बत्तीच्या उजेडात
राजांना तोंडं रंगवताना पाहिलं होतं.
मुकुट चढण्याआधीच
कोण मरणार ते पोराटोरांनाही ठाऊक,
तरी पहाटेपर्यंत चटईवरून कोणी हलत नसे.
"काय होतला ता बघूक लोक येनत नाय रे.
कसा होतला ता बघूक येतत."

आमची तर जमीनच
कुणीतरी बाण मारून समुद्राकडून सोडवलेली.
गोष्टीवर पाया घातलेली घरं आमची;
भरतीचं पाणी पायरीला लागलं
की आधी गोष्ट आठवतो, मग सामान हलवतो.

एकदाच चुकला. चुकला म्हणजे
अर्धं पान कोरं सोडलं.
त्या सिनेमात एक माणूस आगबोटीने गावी येतो,
बावीस वर्षांनी.
आई त्याला पाणी देते, वाटसरूला देतात तसं,
विचारते, कुठला रे बाबा तू?
तो सांगत नाही.
तांब्या ओसरीवर ठेवतो, निघतो.
ना शाप, ना उःशाप, ना ओळखीची अंगठी.
त्या रात्री बुधाजीने सगळी रिळं पाहिली.
वहीत एवढंच: कोण तो कळलो नाय.
तीन दिवस. तिकिटं अकरा.

दारावर मी होतो तेव्हा.
पहिल्या दिवशी पाच माणसं,
त्यात कंपाउंडर, आणि एक कोळीण जी मध्यंतरातच झोपली.
दुसऱ्या दिवशी तीन.
तिसऱ्या दिवशी कोणी नाही.
उरलेली तीन तिकिटं बुधाजीचीच,
रोज रात्रीच्या खेळाचं एक,
खिडकीच्या आत बसून स्वतःलाच विकलेलं,
सुटे पैसे मोजून गल्ल्यात टाकलेले.
तिसऱ्या रात्री त्या एकट्यासाठी मशीन फिरलं.
त्याचा थोरला भाऊ बोटीवर खलाशी होता
असं म्हणत. मी कधी विचारलं नाही.

मागच्या महिन्यात मुंबईहून एक मुलगा आला,
कुठली कथा किती कमावते
याचा तक्ता करतोय म्हणाला.
वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो घेतला त्याने,
कर्णापाशी दोनदा थांबला, खूश झाला.
मग बोट ठेवून विचारलं,
हे अर्धं पान कोरं का?

म्हटलं, इथली हवा दमट.
शाई उडते.